काल रात्री जीजी ॲलिनवरचा माहितीपट पाहिला, आता झोपेचं खोबरं

रात्रपाळी
बायको आणि पोरं माहेरी गेली की माणूस काय काय बघत बसतो याचा हा नमुना. 'जोकर'वाल्या टॉड फिलिप्सची पहिली फिल्म कोणती ते शोधत होतो, तर सापडली 'हेटेड: जीजी ॲलिन अँड द मर्डर जंकीज'. १९९३ची, जेमतेम तासाभराची. न्यूयॉर्कला फिल्मचं शिकत असताना केलेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जीजी ॲलिन हा अमेरिकन पंक (रॉकचा आक्रमक, आरडाओरड्याचा प्रकार) गायक. गायक म्हणणं जरा धाडसाचंच आहे. स्टेजवर नागडा व्हायचा, माईकनं स्वतःचं डोकं फोडून घ्यायचा, स्टेजवरच शी करायचा, ती अंगाला फासायचा, लोकांवर फेकायचा आणि मग समोरच्या गर्दीत घुसून मारामाऱ्या करायचा. बहुतेक शो तीन-चार गाण्यांत संपायचे. पोलीस यायचे किंवा मालक वीज तोडायचा.

किळस आली हे सांगायला नकोच. पण खरं अस्वस्थ केलं ते कॅमेऱ्यानं. समोर माणूस रक्तबंबाळ होतोय, पब्लिक जीव घेऊन पळतंय आणि कॅमेरा एकदाही खाली जात नाही. उलट जवळ जातो. विशी-बाविशीतलं पोरगं ते. मला प्रश्न पडला तो असा की कॅमेरा नसता तर हा माणूस एवढा वाहवत गेला असता का? आणि आपण जे बघतो ते नक्की काय म्हणून बघतो?

ठसका
सकाळी सकाळी पोहे खाताना धागा उघडला. रात्रपाळीसाहेब, तुमचं काय वाकडं केलं होतं आम्ही?

पावशेर
जीजी म्हटल्यावर मला वाटलं शाहिरांवर धागा आहे. जी जी रं जी.

बिनसाखरेचा
@पावशेर, डफाच्या जागी स्वतःचं कपाळ धरलंत की जमलं.

कडुनिंब
प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: हो, गेला असता. त्यानं पहिल्यांदा स्टेजवर शी केली ती १९८५ मध्ये, इलिनॉयमधल्या पिओरिया गावात. तेव्हा टॉड फिलिप्स चौदा वर्षांचा शाळकरी पोरगा होता. फिल्म येईपर्यंत जीजीचे कित्येक शो बंद पडले होते, दातांचं वाटोळं झालं होतं आणि एक तुरुंगवासही भोगून झाला होता. मिशिगनमधल्या ॲन आर्बरला १९८९ मध्ये मारहाणीची केस झाली, त्यात त्या नाताळपासून मार्च १९९१ पर्यंत आत होता. सुटल्यावर पॅरोलच्या अटी मोडून दौऱ्यावर निघाला. माहितीपट सुरू होतो तो तिथून. म्हणजे गाडी उतारावर आधीच सुटलेली, कॅमेरावाला नंतर चढला.

रात्रपाळी
@कडुनिंब, मान्य. पण उतारावर सुटलेल्या गाडीत चढून शूटिंग करणारा ब्रेककडे हात नेत नाही, हेच मला खटकलं.

कडुनिंब
ब्रेक होता कुठे पण?

अनभिज्ञ
मी हा माणूस पहिल्यांदाच ऐकतोय. जीजी हे खरं नाव आहे का? आणि असं वागायला काय झालं होतं त्याला? लहानपणी काही?

कडुनिंब
झालं होतं, आणि ऐकायची तयारी ठेवा. जन्म २९ ऑगस्ट १९५६, न्यू हॅम्पशायरमधल्या लँकेस्टरचा. बापानं जन्मनाव ठेवलं जीझस ख्राईस्ट ॲलिन. बापाला साक्षात्कार झाला होता म्हणे की हा पोरगा मसीहा होणार. थोरला भाऊ मर्ल तेव्हा लहान, त्याला जीझस म्हणता येईना, तो 'जीजी' म्हणायचा. तेच चिकटलं. घर म्हणजे लाकडी ओंडक्यांची खोपटी, ना वीज ना पाणी. बाप माथेफिरू. तळघरात आमच्यासाठी कबरी खोदून ठेवल्या होत्या, असं जीजी सांगायचा. आई शेवटी पोरांना घेऊन बाहेर पडली आणि शाळेत घालायच्या आधी तिनं नाव बदलून केव्हिन मायकल करून घेतलं.

ही आई मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत शहाणी व्यक्ती वाटते. 'पोराला वर्गात चिडवतील' एवढा साधा विचार करणारी त्या घरात ती एकटीच.

पावशेर
केव्हिन मायकल ॲलिन. नाव असं की बँकेत कर्ज मंजूर करणारा साहेब वाटावा.

खमंग काकडी
नावात काय आहे म्हणणाऱ्यांना हा धागा दाखवा.

सोलापुरी
बाप वेडा होता म्हणून पोरगं असं झालं हे मला पटत नाही राव. भाऊ मर्ल त्याच खोपटीत वाढला. तो जीजीच्या मर्डर जंकीज बँडमध्ये बास गिटार वाजवायचा, हिटलरछाप मिशी ठेवायचा, म्हणजे अगदी सरळ माणूस नव्हेच. पण त्यानं कुणाच्या अंगावर शी फेकली नाही. माहितीपटात तो कसा बोलतो बघा, एकदम थंडपणे, दुकानदार गिऱ्हाइकाला मालाची माहिती देतो तसा. ड्रमर डिनो उघडाबंब बसून वाजवतो आणि बोलायला लागला की वेगळ्याच ग्रहावर जातो. मला तर वाटतं या सगळ्यांत जीजीच त्यातल्या त्यात कामाला लागलेला माणूस होता.

बेसूर
जरा साउंडवाल्याच्या खुर्चीतून बोलतो. मी दहा-बारा वर्षं पुण्यात बँडचे लाईव्ह साउंड केले आहेत, बारमधले आणि कॉलेजांचे. मी ही फिल्म हेडफोन लावून पाहिली, आणि चुकून पाहिली असं म्हणणार नाही.

तो डोक्यात माईक मारतो ना, तो आवाज ऐका. साधा डायनॅमिक माईक हा दणकट प्रकार. हातातून पडला, आपटला तरी चालत राहतो. कपाळावर आपटला की जाळीतून जो 'धप्प' येतो तो थेट स्पीकरमधून हॉलभर जातो. म्हणजे मागच्या रांगेतल्या माणसालाही त्याच्या कवटीचा आवाज ऐकू येतो. माईक लांब असताना नुसतं दिसतं, लागल्यावर ऐकू येतं. मला वाटतं त्याला हे नेमकं कळत होतं. वेड्यासारखा करायचा, पण माईक कधी बंद पडू द्यायचा नाही.

आणि दुसरी गोष्ट, माझ्या धंद्यातली. शो संपल्यावर माईकची जाळी उघडून आतला स्पंज धुवावा लागतो. साध्या गायकाची थुंकी असली तरी वास येतो. एकदा एका मुलानं जोशात ओठ फोडून घेतला तर त्या जाळीच्या भोकांतून वाळलेलं रक्त मी टाचणीनं काढत बसलो होतो, शिव्या घालत. जीजीच्या शोनंतर ते कुणी काढलं असेल? त्या माणसाचं नाव कुठल्याच माहितीपटात येत नाही.

ठसका
@बेसूर, पोहे परत ठेवले. पण प्रतिसाद आवडला.

खमंग काकडी
+१ बेसूर. टाचणी विसरता येणार नाही आता.

अनवट
इतके प्रतिसाद झाले, सगळे किळस, कवटी आणि स्पंजमध्ये रमले आहेत. समोर उभ्या असलेल्या बायकांबद्दल कुणीच एक ओळ लिहिली नाही.

ह्या माणसाच्या कार्यक्रमांत बायकांचे केस धरून ओढणं, ठोसे मारणं हे नेहमीचं होतं. कडुनिंब, तुम्ही 'मारहाणीची केस' असं दोन शब्दांत उरकलंत, ती एका बाईला केलेल्या मारहाणीची होती. गाण्यांचे विषयही तेच. शी फेकली की सगळे 'ईऽऽ' करतात आणि त्या 'ईऽऽ'खाली बाकीचं झाकलं जातं. विष्ठा ही त्याच्या बाबतीत सोय होती असं माझं मत. तिच्यामुळे तो 'कलावंत' ठरला. नाहीतर बायका बडवणारा एक दारुडा, असे तर गल्लोगल्ली सापडतात, त्यांच्यावर कोण माहितीपट काढतं?

सोलापुरी
ताई, पण समोर आलेले सगळे तिकीट काढून आलेले. काय होणार ते माहीत असून आले. १९९३मध्ये जेराल्डो आणि जेरी स्प्रिंगरच्या टीव्ही शोमध्ये बसून त्यानं स्वतः सगळं सांगितलं होतं, लपवालपवी नाही.

अनवट
तिकीट म्हणजे संमतीपत्र नव्हे हो, सोलापुरी. एसटीचं तिकीट काढलं म्हणून कंडक्टरनं कानाखाली मारायची का?

पावशेर
काही डेपोंत...

अनवट
पावशेर, गप्प बसा.

कडुनिंब
@अनवट, चूक मान्य. दोन शब्दांत उरकायला नको होतं. खटल्याचं एवढं सांगतो की शेवटी त्यानं कमी गंभीर आरोप कबूल करून शिक्षा घेतली. बाहेर मात्र सगळं त्या बाईच्या संमतीनं झालं असंच सांगत राहिला, आणि तिच्या जबानीतल्या विसंगतींवर न्यायाधीशांनीही बोट ठेवलं होतं. पण तिला झालेल्या जखमा खोट्या नव्हत्या. चाहते आजही पहिला भाग सांगतात, दुसरा गाळतात.

निवांत
माझा थोडा वेगळा मुद्दा. आमच्या गावात लहानपणी पोतराज यायचा. हिरव्या खणांचा घागरा, पायात चाळ, उघड्या अंगावर आसूड ओढायचा. सोबतची बाई डोक्यावर देव्हारा घेऊन ढोलकं घासायची. आम्ही पोरं वर्तुळ करून बघायचो. आसूड जोरात बसला की पुढे सरकायचो, मागे नाही. हे मला काल हा धागा वाचताना आठवलं. आजी नाणं द्यायची आणि म्हणायची, बघू नये रे असं टक लावून. पण तीही खिडकीतून बघायचीच.

उंबरवाडी
निवांत, चित्र डोळ्यांपुढे आलं, पण तुलना साफ चुकीची आहे. पोतराज हौसेनं आसूड ओढत नाही. तो जातीनं लादलेला, पोटाशी बांधलेला धंदा आहे. पोरगं शाळेत जायच्या वयात त्याच्या हातात आसूड येतो. जीजीच्या आईनं पोराचं नाव बदलून शाळेत घातलं, त्याला ड्रम मिळाला, रेकॉर्डिंगला स्टुडिओ मिळाला. त्याच्याकडे नको म्हणायची मुभा होती. पोतराजानं नको म्हटलं तर रात्री चूल पेटत नाही.

निवांत
हे बरोबर. मी बघणाऱ्यांची तुलना करत होतो, त्या दोघांची नाही. पण लिहिताना ते एकत्र झालं खरं.

मूषकराज
मंडळी, गाण्यांबद्दल कुणी बोलणार आहे का? तो सुरुवातीला ड्रमर होता, चांगला. १९७७ ते ८४ जॅबर्स नावाच्या बँडबरोबरची गाणी ऐका. सुटसुटीत, चालीची, अडीच मिनिटांत खलास. ती कुणी नाव न सांगता लावली तर तुम्ही पाय हलवाल. नंतर दारू, हेरॉइन आणि घसा फाटेपर्यंत ओरडणं यात आवाज पार गेला. आणि गंमत म्हणजे तो हँक विल्यम्स या जुन्या कंट्री गायकाचा भक्त. शेवटच्या काळात निव्वळ गिटारवर कंट्री गाणी रेकॉर्ड केली. त्यात एक थकलेला माणूस ऐकू येतो, जो माहितीपटात जवळपास दिसतच नाही. माझी फिल्मबद्दल तक्रार असेल तर ती ही. फिलिप्सला राक्षस हवा होता, थकलेला माणूस नको होता.

रंगभवनचा भूत
पंकचा विषय निघालाय तर हजेरी लावतो. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात आय-रॉक हा रॉक बँडांचा मेळा व्हायचा ते दिवस. आम्ही काळे टीशर्ट घालून, घामानं निथळत, एकमेकांच्या अंगावर उड्या मारायचो. पण कुणी पडला की चार हात लगेच खाली यायचे, उचलायचे, चष्मा सापडेपर्यंत सगळे थांबायचे. माझा एकदा हरवला होता, अनोळखी पोरानं वर धरून ओरडत फिरवला. मग विरार लोकल पकडायची घाई. शेजारी इस्पितळ आणि कॉलेज, शांतता क्षेत्र म्हणून ते मैदान पुढे बंदच झालं.

सांगायचा मुद्दा, ती गर्दी आणि जीजीची गर्दी यांत फरक आहे. त्याच्या शोमध्ये लोक भिंतीला चिकटून उभे दिसतात आणि मध्ये रिकामी जागा. पंकचा शो मी असा कधी पाहिला नाही. ते सर्कशीतलं रिंगण झालं, फक्त पिंजरा नाही.

बेसूर
रिकामी जागा! बरोबर. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एडिसनकर
उशिरा आलो. आम्ही दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला न्यू हॅम्पशायरला गेलो होतो, दोन कुटुंबं, डब्यात थालीपीठं, ठरलेलं सगळं. वाटेत लिटलटन नावाचं गाव लागलं. अतिशय गोंडस. ग्रंथालयासमोर हात पसरून हसणाऱ्या पॉलियाना नावाच्या मुलीचा पुतळा. प्रत्येक गोष्टीत आनंद शोधणारी कादंबरीतली ती मुलगी, तिची लेखिका या गावची. 'आनंदी राहा' हे गावाचं जणू ब्रीदच. मुख्य रस्त्यावर चटर्स नावाचं दुकान, तिथला गोळ्या-चॉकलेटांच्या बरण्यांचा काउंटर ११२ फूट लांब, जगात सर्वांत लांब म्हणून विक्रम. पोरं तासभर हलेनात.

आणि ह्याच गावात जीजी ॲलिनला पुरलंय. सेंट रोझ दफनभूमीत. माझ्या मित्राला हे माहीत होतं, म्हणून बायकांना दुकानात सोडून आम्ही दोघं गेलो. काहीच दिसलं नाही. चाहते येऊन कबरीवर दारू ओतायचे, मुतायचे, सिगारेटी विझवायचे म्हणून दगडच काढून टाकला आहे. नुसतं गवत. मित्र म्हणाला, चल, गोळ्या वितळतील.

ठसका
@एडिसनकर, 'आनंदी राहा'च्या गावात. देवाला विनोदबुद्धी आहे.

अनभिज्ञ
मेला कसा तो? स्टेजवर आत्महत्या करणार असं म्हणायचा ना?

कडुनिंब
दर वर्षी हॅलोवीनला स्टेजवर आत्महत्या करणार, शक्य तेवढ्यांना बरोबर घेऊन जाणार, असं जाहीर करायचा. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं, बहुतेकदा तुरुंग. प्रत्यक्षात २७ जून १९९३ला मॅनहॅटनमध्ये 'गॅस स्टेशन' नावाच्या जागी शो झाला, थोड्याच गाण्यांत वीज गेली, राडा झाला. तो तसाच रक्तानं माखलेला, जवळजवळ नागडा, रस्त्यानं चालत सुटला, मागे चाहत्यांचा जथा. मग एका मित्राच्या घरी पार्टी, हेरॉइन. तो झोपलाय असं समजून लोक शेजारी बसून फोटो काढत राहिले. सकाळी कळलं. वय ३६.

अंत्यविधीला त्याला न धुता, लेदर जॅकेट आणि लंगोटवजा चड्डीत, हाताशी दारूची बाटली ठेवून मांडलं होतं. मित्र त्याच्या तोंडात दारू ओतत होते. त्याचंही चित्रण आहे.

अनवट
आणि तिथे आई उभी होती.

मूषकराज
आईवर नंतर वेगळा माहितीपट झाला आहे, २०१७चा, सामी सैफ या डॅनिश दिग्दर्शकाचा. आई आणि मर्ल, दोघंच. पोराचं नाव चाहत्यांनी कसं वापरावं यावर त्या दोघांचं जमत नाही. तिला केव्हिन हवा असतो, त्याला जीजी विकायचा असतो. 'हेटेड' पाहिलेल्यांनी हा बघावाच. मला हा जास्त आवडला.

रात्रपाळी
बघतो. मी धागा काढला आणि सगळ्यांनी माझ्यापेक्षा जास्त लिहिलं. पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतो.

आज दुपारी मी 'जोकर' परत लावला. एक खचलेला माणूस, विदूषकाचा रंग, त्याला टीव्हीच्या शोमध्ये बोलावतात, कारण त्याच्यावर हसायचं असतं. तोही तिथे स्वतःला संपवायच्या इराद्यानं जातो. मनात आलं, फिलिप्सनं हे सगळं पंचवीस वर्षांपूर्वी भिंगातून बघितलं होतं की. जेराल्डोचा सोफा, हसणारं पब्लिक आणि हॅलोवीनची घोषणा. एवढंच काय, 'हेटेड'च्या पोस्टरवरचं जीजीचं चित्र जॉन वेन गेसीनं तुरुंगातून काढलेलं आहे. ३३ खुनांचा गुन्हेगार आणि पोरांच्या वाढदिवसाला विदूषक होणारा माणूस. मृत्युदंड व्हायच्या आधी त्याच्याकडून पोस्टर करून घेतलं, प्रती विकल्या आणि फिल्मला पैसे उभे केले.

कडुनिंब
ओढूनताणून आहे. विदूषक आणि टीव्हीचा सोफा कुठेही सापडतात. पण गेसीकडून पोस्टर करून घेणाऱ्या पोराला बाजार कळत होता, हे मात्र खरं. पुढचं एक सांगतो. १९९८मध्ये फिलिप्सनं कॉलेजातल्या रॅगिंगछाप प्रकारांवर दुसरा माहितीपट केला, सनडान्स चित्रपट महोत्सवात मोठं बक्षीस मिळालं, आणि एचबीओनं तो दाखवलाच नाही. काही प्रसंग बेतलेले असल्याचा आरोप झाला, दिग्दर्शकांनी नाकारला. कॅमेरा असला की माणसं काय करतात, हा तुमचा प्रश्न त्यालाही चिकटला होता म्हणायचा.

अनवट
मूळ प्रश्नाला माझं उत्तर: कॅमेरा नसता तरी तो तसाच वागला असता. फरक एवढाच की त्या रात्री हॉलमध्ये असलेल्या शंभर-सव्वाशे लोकांपुरतं ते राहिलं असतं. आपण इथे बसून चर्चा केली नसती. त्यानं काय बिघडलं असतं, हे मला कुणीतरी सांगा.

मूषकराज
आईवरचा माहितीपट झाला नसता.

अनवट
हं. हा एक मुद्दा तुमचा.

बेसूर
मला एक खटकतंय, रात्रपाळी. तुम्ही म्हणालात कॅमेरा एकदाही खाली जात नाही. मी तोच भाग परत पाहिला. जीजी गर्दीत घुसतो तेव्हा दोनदा चित्र हलतं, छताकडे जातं, मग जमिनीवरचे बूट दिसतात. पोरगं पळालंय. घाबरून पळालंय, कॅमेरा चालू ठेवून. आवाजात धापा ऐकू येतात, हेडफोन लावले तर.

रात्रपाळी
रात्री परत बघतो. बायको उद्या येतेय, म्हणजे आजच.

सुगरण_नाशिक
धागा वाचला नाही, फक्त शीर्षक वाचलं. झोप न येण्यावर गरम दुधात जायफळ उगाळून घ्या.